वाय-फाय लागले, मग इंटरनेट कुठे गेले?

पेण-रोह्याकडच्या आपल्या कितीतरी घरांत मगरिबनंतरची वेळ ही परदेशातल्या फोनची वेळ असते. कुणाचे अब्बा कुवेतला, कुणाचा भाऊ कतारला, कुणाचा जावई सौदीत. नेमकी त्याच वेळी मोबाईलवर वाय-फायची पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली दिसते, पण तिच्या कोपऱ्यात एक बारीक उद्गारचिन्ह असते आणि खाली अक्षरे येतात, ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. पुढे घरात जे सुरू होते ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे. एकजण डबा बंद करून चालू करतो. दुसरा म्हणतो, रिचार्ज संपला असेल. दादी म्हणतात, पोरांनी गेम खेळून खेळून बिघडवले. आणि कुणीतरी टाचणी घेऊन डब्याच्या मागचे बारीक भोक शोधू लागतो.

या टाचणीवाल्याला आधी थांबवा. का, ते पुढे सांगतो.

मुळात वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत आम्ही मुलांना हे समजावताना पाण्याचे उदाहरण देतो. पेणच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूला, नळ दिसला म्हणजे पाणी आहे असे कुणी म्हणणार नाही. हेटवणे धरण आपल्याच तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातल्या बायका टँकरची वाट पाहतात. नळ घरचा असतो, पाणी दुरून येते. वाय-फाय हा घरातला नळ समजा. तुमचा मोबाईल आणि कोपऱ्यातला डबा यांच्यामधली दहा-वीस फुटांची हवेतली जोडणी, एवढाच त्याचा अर्थ. इंटरनेट त्या डब्यापर्यंत बाहेरून येते. ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ याचा सरळ अर्थ असा, की नळ ठीक आहे, पाण्याचे काहीतरी झाले आहे.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय करू?’ हा नसून ‘कुठे तुटले?’ हा आहे. वाटेचे चार टप्पे धरा. मोबाईल ते डबा, डबा ते केबलवाल्याचे मशीन, तिथून इंटरनेट कंपनी, आणि तिथून ज्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जायचे आहे ते ठिकाण. यातले घरच्या माणसाच्या हातात फक्त पहिला टप्पा आणि दुसऱ्याची सुरुवात. बाकीचे तुटले असेल तर डब्याला कितीही बदडा, उपयोग नाही.

सुरुवात अशी करा. घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर तपासा, पण तपासण्याआधी दोन्हींवरचा मोबाईल डेटा बंद करा. वाय-फायवर इंटरनेट मिळत नसेल तर बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात, मग एकजण म्हणतो ‘माझे तर चालते’ आणि निष्कारण वाद होतो. डेटा बंद करूनही दुसऱ्या फोनवर नीट चालत असेल तर डबा, वायर, कंपनी सगळे निर्दोष. गडबड त्या एकाच फोनची आहे. दोन्हींवर चालत नसेल तर फोन खाली ठेवा आणि डब्याकडे जा.

एकाच फोनची गडबड असेल तर उपाय सोपे आहेत. विमानाची खूण दाबून अर्ध्या मिनिटाने काढा. नाही जमले तर वाय-फायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. पासवर्ड माहीत असेल तरच, नाहीतर तोही जाईल. फोनची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या जुन्या फोनमध्ये तारीख कधीकधी मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेचे, शाळेचे, सरकारचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाही. तारीख ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवली की काम होते. आणि त्या फोनवर कुणी व्हीपीएनचे ॲप टाकले आहे का, तेही पाहा. परदेशातल्या माणसाशी बोलायला म्हणून अशी फुकटची ॲपे आपल्या घरांत फार टाकली जातात. ते ॲप अडकले की वाय-फाय लागूनही सगळे ठप्प होते.

व्हीपीएनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो. दुबई, शारजा, अबुधाबी म्हणजे संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सॲपवर लिहिणे चालते, पण त्यावरून कॉल करण्यावर तिथे बंधन राहिले आहे. लोक बोटिमसारखे परवानगी असलेले ॲप वापरतात. तेव्हा दुबईच्या भाईजानचा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून पेणमधला डबा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. आणि त्यांना तिकडे व्हीपीएन टाकायला सांगू नका. बंदी चुकवण्यासाठी त्याचा वापर करणे तिथल्या कायद्याने महागात पडू शकते.

आता डबा. आजकाल बहुतेक घरांत फायबरची जोडणी आहे. खांबावरून एक बारीक वायर येते, तिच्या टोकाला बहुधा हिरव्या रंगाची टोपी असते आणि ती डब्यात खोचलेली असते. या वायरीतून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून. म्हणून ती खिळ्यावर करकचून गुंडाळायची नसते, दाराच्या फटीत चेपायची नसते आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घालायचे नसतात. काच वाकली की प्रकाश गळतो. टोकाला बोट लावू नका, आणि वायर काढलीच तर टोकाकडे डोळा लावून ‘प्रकाश येतो का’ बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांच्या हिताचा नाही. मुलांना हे बजावून सांगा.

डब्यावर चार-पाच बारीक दिवे असतात. त्यांची नावे इंग्रजीत असतात, ती आठवीतल्या मुलाकडून वाचून घ्या. दोन महत्त्वाचे. एक ‘पॉन’, दुसरा ‘लॉस’. पॉन हिरवा आणि स्थिर, लॉस विझलेला, म्हणजे बाहेरचा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतो आहे. लॉस लाल आणि लुकलुकता, म्हणजे प्रकाशच येत नाही.

लाल दिवा दिसला की घरच्यांनी दोनच कामे करायची. हिरवी टोपी डब्यात पूर्ण बसली आहे का हे हलकेच दाबून बघायचे, आणि वायर घरात कुठे मुडपली, उंदराने कुरतडली किंवा कपाट सरकवताना दबली आहे का हे डोळ्यांनी तपासायचे. तेवढे झाले की शेजारी विचारा. त्याच केबलवाल्याची जोडणी असलेल्या शेजारच्या भाभींकडेही लाल दिवा असेल तर बिघाड तुमच्या घरचा नाही. आपल्याकडे याची कारणे ठरलेली. पावसात फांदी पडते, खांब कलतो, ट्रकच्या टपाला वायर अडकते, रस्ता खणताना जेसीबीचा दात फायबरला लागतो. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ पासून आपण पाहतच आलो आहोत, खणाखणीचे नवल आपल्याला नाही.

लाल दिव्याचे आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या घरात लाईट आहे, पण केबलवाल्याचे मशीन जिथे बसवले आहे तिथली गेली आहे आणि त्याची बॅटरी संपली आहे. मशीन बंद, म्हणजे प्रकाश बंद, म्हणजे तुमच्याकडे लाल दिवा. अशा वेळी आधी महावितरणची वीज येते, मग इंटरनेट येते. उलट प्रकारही होतो. वीज फक्त तुमच्या गल्लीत गेली आणि केबलवाल्याकडे आहे. अशा वेळी डब्याला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावलेला असेल तर इंटरनेट चालू राहते. आमच्या मते दहावी-बारावीची मुले असलेल्या घरात हा खर्च नव्या स्पीकरपेक्षा कामाचा. घेताना फक्त तुमच्या डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पियर दुकानदाराला दाखवा.

समजा लाल दिवा नाही, पॉन हिरवा आहे, पण ‘इंटरनेट’ नावाचा दिवा विझलेला किंवा लाल आहे. म्हणजे प्रकाश आला, पण कंपनीने दार उघडले नाही. याचे पहिले कारण रिचार्ज. मुदत संपली तरी वाय-फाय लागलेलेच राहते, नळ तुमचा ना! काही कंपन्या कोणतेही पान उघडले की रिचार्जच्या पानावर नेतात, काही तेही करत नाहीत. दुसरे कारण असे, की लाईट गेल्या-आल्यावर डब्याचे कंपनीशी नाव-पासवर्ड जुळणे अडकते. इथे बंद-चालू करणे खरोखर उपयोगी पडते, पण त्याचीही रीत आहे. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा, चालू करून तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नका. दर मिनिटाला बंद-चालू करणाऱ्याचा डबा कधीच पूर्ण सुरू होत नाही. दोन डबे असतील, एक फायबरचा आणि एक वाय-फायचा, तर आधी फायबरचा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की दुसरा.

आता तो टाचणीवाला. मागचे बारीक भोक म्हणजे ‘रीसेट’. बंद-चालू करणे म्हणजे माणसाला झोपेतून उठवणे, रीसेट म्हणजे त्याची स्मृती पुसणे. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तर जातातच, बऱ्याच डब्यांत कंपनीशी जोडून देणारे नाव-पासवर्डही जातात, आणि ते तुमच्याकडे लिहिलेले नसतात. तासाभरात आपोआप सुरू झाले असते ते इंटरनेट मग माणूस घरी येईपर्यंत बंद. कंपनीच्या माणसाने फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय ते भोक नाही असे समजा.

सगळे दिवे हिरवे आहेत, तरी काही उघडत नाही, असेही होते. मग ब्राउझरमध्ये, जिथे पत्ता लिहितो तिथे, १९२.१६८.१.१ असे लिहा. आकडे इंग्रजीत लिहायचे, मध्ये टिंब. काही डब्यांचा पत्ता थोडा वेगळा असतो, तो डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. डब्याचे लॉगिनचे पान उघडले तर फोन ते डबा हा टप्पा पक्का. पान नुसते बघून बंद करा, आत काही बदलू नका. मग १.१.१.१ लिहून बघा. हे एका खऱ्या संकेतस्थळाचे आकड्यांतले नाव आहे. ते उघडले आणि नावाने लिहिलेली बाकीची संकेतस्थळे उघडत नसतील, तर इंटरनेट चालू आहे, फक्त नावांची वही हरवली आहे. संकेतस्थळांची नावे आपण अक्षरांत लिहितो, यंत्रे ती आकड्यांत शोधतात, आणि नावावरून आकडा सांगणारी जी वही आहे तिला डीएनएस म्हणतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. जाहिराती बंद करायच्या म्हणून कुणी तिथे काही भरून ठेवले असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’ वर आणा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

आणि कधीकधी घरचे, केबलवाल्याचे, कंपनीचे सगळे ठीक असते, पलीकडचे ठिकाणच बंद असते. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले, ते साधारण सहा तास. देखभालीच्या कामात त्यांच्याच यंत्रणेत झालेल्या एका बदलामुळे त्यांचे सगळे सर्व्हर जगापासून तुटले होते. कितीतरी घरांत त्या रात्री डब्याला दोष दिला गेला. ६ सप्टेंबर २०२५ ला जिद्दाजवळ लाल समुद्रात तळाच्या केबली तुटल्या आणि आखातात, पाकिस्तानात, भारतात इंटरनेट मंदावले. आखाताशी बोलणारी आपली घरे अशाच समुद्रातळच्या वायरींवर अवलंबून आहेत. बातम्यांचे एखादे संकेतस्थळ उघडते का एवढे बघितले तरी दोष पलीकडचा हे कळते.

पालकांसाठी याचे जवळचे उदाहरण अकरावीचे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, म्हणजे पेण-रोह्याच्या मुलांनाही पोर्टलशिवाय वाट राहिली नाही. नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती, पण पोर्टलच चालेना, आणि ती २६ मेवर गेली. अशा दिवशी मुलीवर चिडून, डबा उलटापालटा करून काही मिळत नाही. मात्र पोर्टल चालू आहे, तुमचाच डबा बंद आहे आणि आज शेवटची तारीख आहे, असे असेल तर दुरुस्तीची वाट पाहू नका. दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, अर्ज भरा, मग वाय-फायच्या मागे लागा. शिष्यवृत्तीच्या अर्जांना हाच नियम. आणि शक्यतो शेवटच्या दिवसाची वाटच पाहू नका, हे शिक्षक म्हणून आम्ही दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी शेवटच्या दिवशी रांग लागते.

इथपर्यंत दिवे आणि वायरी झाल्या. पण आमच्या पाहण्यात आपल्या घरांत इंटरनेट जास्त दिवस बंद राहते ते वायरीमुळे नव्हे. ते राहते नावामुळे. जोडणी कुणाच्या नावावर आहे? घेतली तेव्हा घरचा कर्ता माणूस सुट्टीवर आला होता. त्याने आपले नाव, आपला मोबाईल नंबर दिला आणि महिन्याभराने तो कुवेतला परत गेला. आता इथे रिचार्ज संपतो, सूचना त्याच्या नंबरवर. तक्रार करायची तर कंपनी ‘नोंदवलेल्या नंबरवरून फोन करा’ म्हणते, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो नंबर भारतातला, सिम त्याच्या जुन्या पाकिटात, रिचार्ज न झाल्याने बंद पडलेले. किंवा सिम त्याच्याबरोबर तिकडे आणि तो ड्युटीवर. इथे घरात त्याची बायको, सासू, तीन मुले. तिला बिघाड कळतो, पैसे भरायला ती तयार आहे, पण कंपनीच्या हिशेबी ती कुणीच नाही. मग कुणाकडून तरी रिचार्ज करवून घ्या, केबलवाल्याला दहा फोन करा, दिराला आठवड्याने वेळ मिळेल तेव्हा दुकानावर पाठवा.

हे बदलायला काही मोठे लागत नाही. कर्ता माणूस पुढच्या सुट्टीवर येईल तेव्हा, किंवा त्याचे सिम चालू असेल तर आजच, नोंदवलेला मोबाईल नंबर बदलून घरात राहणाऱ्या माणसाचा घाला. बहुतेक ठिकाणी ॲपमधून ओटीपी टाकून किंवा कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून हे होते. नाव त्याचे राहिले तरी चालेल, नंबर घरचा हवा. काही भाऊ म्हणतील, घरच्या बायकांना या भानगडीत कशाला घालायचे. भानगडीत त्या आहेतच. मुलांचा ऑनलाइन अभ्यास, गॅसची नोंदणी, वीजबिल, डॉक्टरची वेळ आणि तुमचा मगरिबनंतरचा फोन, सगळे त्याच चालवतात.

शिवाय, तक्रार नीट सांगता आली की माणूस घरात येण्याची वेळच कमी येते. ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले तर कंपनी माणूस पाठवते, तो दोन दिवसांनी भर दुपारी येतो, घरात पुरुष नसतात, आणि येऊन तो दिवे बघून सांगतो, ‘पुढे लाइन तुटली आहे’. तेच जर ‘लॉस लाल आहे, बंद-चालू करून झाले, शेजारच्या दोन घरांतही असेच आहे’ असे पहिल्याच फोनला सांगितले, तर काम घराबाहेर, खांबावर सुरू होते. तक्रार केली की तिचा क्रमांक मागा, तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर त्या क्रमांकावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ही दुहेरी सोय प्रत्येक कंपनीला बंधनकारक केली आहे. त्याशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे फोनवरही तक्रार घेतात.

काही वेळा मात्र कुणाकडेच उत्तर नसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर बंद पडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस आणि काही ठिकाणी आठवडे वीज नव्हती. त्यात कोरोनामुळे शाळांना कुलूप, आणि जूनच्या मध्यापासून ‘शाळा बंद, शिक्षण चालू’ म्हणत अभ्यास मोबाईलवर आला. मुंबईची मुले स्क्रीनसमोर बसली तेव्हा आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या घरावर पत्रे नव्हते. अशा दिवसांत दिवे वाचता येऊन काही फायदा नसतो. फायदा होतो तो छापील पुस्तकाचा, वहीत उतरवलेल्या धड्याचा आणि कागदावर लिहून ठेवलेल्या फोन नंबरांचा. सगळे नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईलला चार्जिंग नाही, ही अवस्था तेव्हा पुष्कळांनी पाहिली.

म्हणून डब्याशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. त्यावर ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल नंबर, कंपनीचा तक्रारीचा नंबर, केबलवाल्याचा नंबर, वाय-फायचा पासवर्ड आणि रिचार्ज संपण्याची तारीख लिहा. डबा बसवायला माणूस आला असेल तेव्हाच कंपनीशी जोडणारे नाव-पासवर्ड त्याच्याकडून मागून घ्या, पण ते पाहुण्यांना दिसेल अशा ठिकाणी नको, कपाटात ठेवा. नीट चालू असताना कोणते दिवे कसे दिसतात याचा एक फोटोही काढून ठेवा, बिघडल्यावर ताडून पाहता येते. कागदावरचे अक्षर मोठे असू द्या. वीज गेल्यावर बॅटरीच्या उजेडात दादींनाही वाचता आले पाहिजे.